ताट नाही तर सुई नाही

आत्याला या घरातून बोलावणी पुष्कळ गेली होती. लग्नकार्याला गेली, मुलांच्या निकालाला गेली, भाऊ-भावजयीचं वाजलं की मध्यस्थीलाही गेली. पण तिच्या विद्येसाठी तिला बोलावलं, असं पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. ती मेलेल्यांची डॉक्टर, जिवंत माणसांचं तिच्याकडे काय काम, असा घरातला सरळ समज. तिचा भाऊ, म्हणजे सगळ्या घराचे अण्णा, चारचौघांत तिची ओळख करून देताना म्हणायचे, “हिच्या हाताखालून गेलेला एकही पेशंट आजवर तक्रार घेऊन आलेला नाही.” आणि मग स्वतःच सगळ्यांत मोठ्यांदा हसायचे.

ते अण्णा जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्याच शवविच्छेदनाचा अहवाल समजावून द्यायला आत्या रविवारी सकाळी दहाला जिना चढून वर आली. खाली अण्णांचा दुकानांच्या पाट्या रंगवायचा कारखाना आणि वर घर, अशी जुनी मांडणी होती. रंगाचा आणि थिनरचा वास जिन्यातून वर यायचा आणि पडद्यांत, उशांत, पुस्तकांत मुरून राहायचा. पाहुण्यांचं पहिल्या दिवशी डोकं दुखायचं. घरच्यांना मात्र तो वास येतो हेच आठवत नसे.

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे आधीच बसले होते. वहिनी खिडकीपाशी. थोरला टेबलाच्या टोकाला, पण अण्णांची खुर्ची सोडून. धाकटा मधे, बायकोकडे अर्धी पाठ आणि भावाकडे अर्धं तोंड करून. धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात खोलीच्या आत बायकोच्या बाजूचा, खोलीच्या बाहेर भावाच्या बाजूचा असायचा. आणि त्याची बायको, धाकटी सून, दाराशी स्टुलावर. टेबलाशी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, तरी ती स्टुलावर. आत्यानं ते पाहिलं आणि पिशवीतून खाकी पाकीट काढलं.

धाकट्या सुनेला तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही. अण्णा गेले त्या शनिवारी सकाळी साडेसातला तिनं त्यांना इन्सुलिनची सुई टोचली होती, आणि त्याआधी दोन दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. नऊला त्यांची शुद्ध हरपली. थोरल्यानं त्यांना उचलून खाली आणलं, गाडीत घातलं, आणि रुग्णालयाच्या फाटकातच सगळं संपलं. रिकाम्या पोटी सुई दिली की साखर उतरते आणि माणूस जातो, हे या घरात लहान पोरही सांगेल. सांगायलाच नको, कारण ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

अण्णांना कुणाचं बोलणं आवडलं की त्याची पाटी रंगवायची सवय होती. “बोललेलं विरतं, रंगवलेलं उरतं,” असं म्हणत ते ब्रश बुडवायचे. न्हाणीघराच्या दारावर ‘आत गाणं म्हणा, बाहेर रांग आहे’ ही पाटी होती. जिन्यात ‘चढताना दम, उतरताना भान’ होती. आणि जेवणाच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं आणि अक्षरांना काळी सावली अशी सगळ्यांत देखणी पाटी होती: ‘ताट नाही तर सुई नाही’. अण्णांना एकोणीस वर्षं मधुमेह, तर पाटीला साडेअठरा. पाटीवर गेलेलं वाक्य या घरात कायदा व्हायचं, आणि कायदा कुणी केला हे हळूहळू सगळे विसरायचे. ही पाटी अण्णांच्याच डोक्यातून निघाली, असं दोन्ही मुलं धरून चालली होती.

*

शवविच्छेदन थोरल्यानं मागितलं होतं. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं “मृत्यूचं कारण स्पष्ट नाही” म्हटल्याबरोबर त्यानं सही केली. आईनं हात धरला होता, त्यानं तो सोडवून घेतला.

थोरला वाईट माणूस नव्हता. पाट्यांचं काम हातानं करायचे दिवस गेल्यावर त्यानंच छपाईचं यंत्र आणून कारखाना तगवला, आणि अण्णांनी त्या यंत्राकडे दहा वर्षं पाठ फिरवून ब्रश चालवला. दोन्ही मुलांच्या हाताला अक्षर नव्हतं. अक्षर निघालं ते धाकट्या सुनेच्या हातात. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिनं गंमत म्हणून एक ‘क्ष’ काढला, आणि अण्णा चहा विसरून त्या ‘क्ष’कडे बघत बसले. तेव्हापासून सकाळचे दोन तास ती खाली अण्णांच्या शेजारी बसायची. कानामागून आली अन् तिखट झाली, असं थोरला एकदा म्हणाला होता. अण्णा म्हणाले, तिखट आहे म्हणून तर चव आहे.

आता त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि धाकट्याला आदल्या दिवशी जिन्यात गाठून सांगितलंही होतं. अहवालात साखर उतरल्याचं निघालं, तर तुम्ही दोघांनी दुसरीकडे बिऱ्हाड करायचं. तिनं कारखान्याची पायरी चढायची नाही. अण्णांच्या ब्रशांना हात लावायचा नाही. धाकटा म्हणाला, आधी अहवाल तर येऊ दे. आणि मग रात्री बायकोला सांगितलं की दादा असं म्हणतो. ती म्हणाली, बरोबर आहे त्याचं.

हे तिचं ‘बरोबर आहे’ धाकट्याला सहन झालं नाही. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. तीन आठवडे तिनं त्या सकाळची सुई मनात पुन्हा पुन्हा मागे ओढली होती, आणि प्रत्येक वेळी ती आत गेली होती.

*

आत्यानं अहवाल उघडला, चष्मा लावला, आणि पुन्हा काढला.

शवविच्छेदन तिनं केलेलं नव्हतं. रक्ताच्या नात्यावर हात चालवायचा नसतो, हा नियम तिनंच तिच्या विभागात घालून दिलेला. काम केलं ते तिच्या एका विद्यार्थिनीनं, जी आता त्या विभागाची प्रमुख होती. काल दुपारी तिनं मूत्रपिंडाच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिल्या, आणि “मी जरा फोन करून येते” म्हणून दीड तास बाहेर राहिली. फोन कुणालाही करायचा नव्हता. आत्याला ते कळलं आणि तिला आपल्या शिकवण्याचा त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

त्या दीड तासात आत्यानं डोळा लावून जे पाहिलं, ते तिनं आयुष्यात पंधरा-वीस वेळा पाहिलं असेल. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या. नळीच्या कडेनं ओळीत बसलेल्या पेशी. आणि प्रत्येक पेशीच्या तळाशी एक स्वच्छ, रिकामं वर्तुळ, ज्यानं पेशीचा गाभा वर ढकलला गेलाय. बाजूला दुसऱ्या पट्टीवर पुवाचे पुंजके. ती वाचत गेली तसतसं तिला दोन गोष्टी कळत गेल्या. एक, सुनेचा यात काही दोष नव्हता. दुसरी, दोष ज्या वाक्याचा होता ते वाक्य कुणाचं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी अण्णांना नुकती सुई लागली होती. एकदा सुई टोचून, न जेवता ते शिडीवर चढले आणि भोवळ येऊन खाली पडले. आत्या धावत आली, दवाखान्यात कोपराला टाके घालून होईपर्यंत गप्प बसली, आणि मग याच टेबलाशी बोट नाचवून म्हणाली, “ताट नाही तर सुई नाही. समजलं?” अण्णांना त्यातला ताल आवडला. पुढच्या आठवड्यात ती जेवायला आली तेव्हा पाटी लागलेली होती. तिच्या कामाबद्दल कुणी कधी न विचारलेल्या घरात तिचं एक वाक्य भिंतीवर गेलं होतं. ती त्या पाटीखाली साडेअठरा वर्षं जेवली, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मनातून सुखावली. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहिला, हे तिला एकदाही सुचलं नाही.

आज ती अहवाल वाचून दाखवून, सुनेला मोकळी करून घरी जाऊ शकत होती. पाटी अण्णांची होती आणि अण्णा नव्हते. कुणाला आठवत नव्हतं. एका माणसाला सोडून, असं तिला वाटलं, आणि तिनं खिडकीपाशी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती.

*

“आधी तिला विचारायचंय,” आत्या म्हणाली. “अगं, तू सुई का दिलीस?”

थोरला म्हणाला की ते सगळ्यांना माहीत आहे. आत्या म्हणाली, मला नाही. आणि तिनं खुर्ची वळवून स्टुलाकडे तोंड केलं. तीन आठवड्यांत त्या दिशेला कुणी तोंड केलेलं नव्हतं.

सून थोडी अडखळली. मग सांगू लागली. बुधवारी अण्णांना थंडी वाजून ताप आला. पाठीत, डाव्या बाजूला, कळ येत होती. शिडीमुळं लचकलं म्हणाले. लघवीला जळजळतं हे त्यांनी फक्त आईंना सांगितलं होतं. गुरुवारी ओकाऱ्या सुरू झाल्या, पाणीही ठरेना. जेवण नाही म्हणून सुई नाही. शुक्रवारीही तेच. साखर मोजायच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि आणायला कुणी गेलं नाही. दवाखान्याचं नाव काढलं की अण्णा म्हणायचे, दोन दिवस पोटाला सुट्टी दिली की आपोआप बरा होतो.

“शुक्रवारी दुपारी मी त्यांचं तोंड पुसत होते,” ती म्हणाली. “तर त्यांच्या श्वासाला थिनरचा वास आला.”

“आणि?”

“मी खाली जाऊन सांगितलं. म्हटलं, अण्णांच्या तोंडाला थिनरचा वास येतोय. तर कुणीतरी हसलं. म्हणालं, पन्नास वर्षं पाट्या रंगवणाऱ्या माणसाला काय अत्तराचा येणार? मग मीपण हसले. पण अण्णा बुधवारपासून खाली उतरलेच नव्हते, आत्या. कपडे धुतलेले, चादर बदललेली. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी ते लांब लांब श्वास घेत होते, जिना चढून आल्यासारखे. मला कळत काहीच नव्हतं. फक्त एवढं वाटलं की रोजचं एक काम आपण दोन दिवस केलं नाही आणि माणूस खालावत चाललाय. म्हणून अर्धी मात्रा दिली. पाटीकडे न बघता दिली.”

थोरल्यानं समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ते त्या क्षणी फक्त थोरल्यालाच माहीत होतं.

आत्यानं चष्मा लावला. पस्तीस वर्षांत तिनं कितीतरी साक्षी ऐकल्या होत्या. इन्स्पेक्टरांच्या, वकिलांच्या, मोठमोठ्या डॉक्टरांच्या. जे दिसलं तेवढंच आणि जसं दिसलं तसंच सांगणारी माणसं तिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली होती. त्यातली एक दाराशी स्टुलावर बसली होती.

“आता ऐका,” ती म्हणाली. “साखर उतरून अण्णा गेला नाही. मृत्यूनंतर रक्तातल्या साखरेवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून आम्ही डोळ्याच्या आतलं, बाहुलीमागचं पाणी काढतो. ते खोटं बोलत नाही. त्यात साखर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त होती. म्हणजे सुईनं साखर बुडवली नाही. बुडवायला ती पुरलीच नाही.”

“मग कशानं गेले?” हे धाकट्यानं विचारलं, आणि विचारताना त्याची पूर्ण पाठ भावाकडे झाली होती.

आत्यानं सावकाश सांगितलं. आधी डाव्या मूत्रपिंडात जंतू शिरले. ते सुजून दीडपट झालं होतं, कापल्यावर आत पिवळे ठिपके दिसले, पुवाचे. ती पाठीतली कळ शिडीची नव्हती, तिथली होती. असा जोराचा संसर्ग झाला की अंगाला इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त लागतं, माणूस जेवो वा न जेवो. कारण साखर फक्त ताटातून येत नाही, यकृतही ती ओतत असतं. त्यात इन्सुलिन बंद. मग रक्तात साखर भरपूर आणि पेशी उपाशी. पेशी चरबी जाळायला लागतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि रक्त आंबट होत जातं. ओकारी त्यानंच, लांब श्वासही त्यानंच.

“आणि वास?” सुनेनं विचारलं.

“त्या आम्लांबरोबर ॲसिटोन तयार होतं. ते श्वासातून बाहेर पडतं. तुमच्या खालच्या थिनरच्या डब्यात तेच असतं.” आत्यानं जिन्याकडे बोट केलं. “गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात हा वास आला असता तर लोक दचकले असते. या घरात तो लपला. इथं पन्नास वर्षं तोच वास आहे. आणि तरी तुला तो वेगळा आला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा वास ओळखायला शिकवते तेव्हा दहातल्या चौघांना तर तो येतच नाही.”

थोरला म्हणाला की हे सगळं ठीक, पण वरून अंदाज बांधायला काय जातं. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. शनिवारी सकाळच्या सुईनं काही झालंच नाही, हे कशावरून?

आत्या याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिनं पाकिटातून दोन मोठे फोटो काढले आणि टेबलावर ठेवले. थोरला रंगाचा माणूस, त्याच्या डोळ्यांना रंगाचंच पटेल, हे तिनं काल रात्री ठरवलं होतं.

“हा मूत्रपिंडाचा तुकडा. पेशींच्या तळाशी ही रिकामी वर्तुळं दिसतात? ती रिकामी नाहीत. तिथं चरबी होती. काचेवर चढवण्याआधी तुकडा थिनरसारख्याच द्रवांतून धुऊन काढावा लागतो, त्यात चरबी निघून जाते आणि जागा उरते. पाटी खरवडल्यावर जुन्या अक्षराची जागा उरते ना, तशी. म्हणून माझ्या विद्यार्थिनीनं दुसरा तुकडा न धुता, गोठवून कापला आणि चरबीचा लाल रंग दिला.” तिनं दुसरा फोटो पुढं सरकवला. “बघ.”

थोरल्यानं बघितलं. प्रत्येक रिकाम्या जागेत लाल ठिपके भरलेले होते.

“हे आम्लानं आजारलेल्या माणसात सापडतं. साखर उतरून गेलेल्यात नाही. आणि दीड तासात इतकं भरत नाही. शनिवारी सकाळी ती सुई घेऊन उभी होती, तेव्हा हे भरून बसलेलं होतं. त्या तीन दिवसांत या घरात एकच बरोबर गोष्ट झाली, ती हिनं केली. उशिरा झाली आणि एकट्या सुईनं भागणारं नव्हतं. पण बरोबर तेवढीच होती.”

थोरल्यानं फोटो बराच वेळ हातात धरला. त्याचा राग खरा होता आणि आता त्याला टेकायला जागा उरली नव्हती. साप साप म्हणून त्यानं तीन आठवडे भुई धोपटली होती. धाकटा उठला आणि एक मोकळी खुर्ची ओढून बायकोजवळ घेऊन गेला. ती उठली नाही. तिला आणखी विचारायचं होतं.

“आत्या, शुक्रवारी दुपारी, वास आला तेव्हाच मी सुई दिली असती तर?”

वहिनीनं खिडकीबाहेरची मान आत वळवली.

आत्यापुढं दोन उत्तरं होती. पहिलं मायेचं होतं: काही फरक पडला नसता. ते देऊन ती उठू शकत होती. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तिनं ते कधी दिलं नव्हतं, आणि त्यावरून तिला लोक दगड म्हणायचे.

“शुक्रवारी दुपारी त्याला रुग्णालयात नेलं असतं, तर सलाईन, इन्सुलिन, जंतूंवरचं औषध, सगळं एकदम सुरू झालं असतं,” ती म्हणाली. “वाचला असता. खात्रीनं नाही म्हणत, पण बरीच शक्यता होती. तुला खोटं सांगणार नाही.”

सुनेनं मान हलवली. तिचे डोळे भरले, पण तिनं नजर हलवली नाही.

“पण तू दिली नाहीस, कारण तू ऐकणारी आहेस. तुला जे सांगितलं होतं ते तू ऐकलंस.” आत्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ती पाटी अण्णानं रंगवली. वाक्य माझं आहे. तो शिडीवरून पडला तेव्हा मी इथं बसून म्हणाले होते. त्या दिवशी ते खरं होतं. धडधाकट माणूस न जेवता सुई घेईल तर पडेल, एवढंच त्यात होतं. आजारी माणसाचं त्यात नव्हतं. आजारी पडलात तर सुई बंद करायची नाही, साखर मोजायची, डॉक्टरांना विचारायचं, हे मी सांगायला हवं होतं. मला ते पाठ आहे. मी ते परीक्षेत विचारते. साडेअठरा वर्षं या पाटीखाली बसून जेवले आणि माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही. कारण मला वाक्य आवडलं होतं.”

इतकं एकदम बोलताना या घरानं तिला कधी ऐकलं नव्हतं. तिचा कोरडा आवाज शेवटच्या वाक्याशी येऊन फाटला.

थोरला उठला. खुर्ची मागे भिंतीला लागली. राग टेकायला जागा शोधत होता आणि ती आयतीच मिळाली होती. “म्हणजे आत्या, तू,” तो म्हणाला. “डॉक्टर तू. एवढी शिकलेली तू. आणि आम्ही तीन आठवडे…”

“बस खाली,” वहिनी म्हणाली.

अण्णा गेल्यापासून तिनं लागोपाठ दोन शब्दांच्या वर काही उच्चारलं नव्हतं. मुलगा उभाच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, नणंदेकडे पाहिलं.

“मला आठवत होतं, वन्सं. तुम्ही बोललात तेव्हा मी इथंच भात वाढत होते. मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. शुक्रवारी रात्रीच मनात आलं होतं, वन्संना फोन करून विचारावं, हे आजारपणातही धरायचं का. हे म्हणाले, तिला कशाला त्रास, ती काय जिवंत माणसांची डॉक्टर आहे का. मी ऐकलं.” तिनं पदरानं ओठ पुसले. “आज तुम्ही सांगताय का बघत होते. नसतं सांगितलं तरी मी बोलले नसते. पण सांगितलंत. माझ्या नवऱ्याची बहीण शोभता.”

थोरल्याला यातलं फारसं ऐकू गेलं नाही. “पण मग जबाबदार कोण?” तो म्हणाला. “कुणीतरी असेलच ना? माझा बाप गेला. कुणाचं तरी चुकलं म्हणूनच गेला ना?” आणि त्याचं बोट पुन्हा आत्याकडे वळलं.

तेव्हा सून स्टुलावरून उठली. नवऱ्यानं आणलेल्या खुर्चीला वळसा घालून ती टेबलापाशी आली आणि आत्या आणि ते बोट यांच्यामध्ये उभी राहिली.

“दादा, पुरे. तीन आठवडे मी दाराशी बसले. रोज वाटायचं, उठून जीव द्यावा. तिथं आता दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. आत्यांना नाही. आईंना नाही.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्हालाही नाही.”

थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं. ती सगळं सांगून बसली होती: ताप, ओकाऱ्या, वास, लांब श्वास. आणि ‘कुणीतरी हसलं’ म्हणाली होती. कारखान्यात त्या दुपारी तिच्याशिवाय एकच माणूस होता. तीन आठवडे ती त्याच्या रागाखाली दबून बसली आणि हसणारा कोण, हे तिनं कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. आजही सांगणार नव्हती. हे त्याला उभ्या उभ्या कळलं.

तो खाली बसला. फोटो त्याच्यासमोर टेबलावर तसेच पडले होते.

“हसलो तो मी होतो, आत्या,” तो म्हणाला. “अत्तराचं मी म्हणालो होतो.”